बाहेरून लावलेली कडी

८ एप्रिल, बुधवार

लिहायचं लिहायचं म्हणत पाडव्यापासून ही डायरी पिशवीत घेऊन फिरतोय आणि अजून एक ओळ लिहिलेली नाही. वकील मॅडमनी ताईला बजावलं होतं, "घरातल्या एकानं तरी काय काय घडतंय ते तारीख टाकून लिहीत जा, नाहीतर तुम्ही लोक ऐन वेळी एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसता." घरात बारावीपर्यंत पोचलेला मी एकटा. पास झालो नाही ती गोष्ट वेगळी. म्हणून हे काम माझ्या गळ्यात. डायरी दूध संस्थेनं फुकट वाटलेली, जुन्या सालाची. छापलेले वार जुळत नाहीत ते खोडून वर माझे लिहितोय. रोज काढायचो, पेनाचं टोपण चावायचो, तेवढ्यात कोणीतरी हाक मारायचं. एकदा पाळण्याचा खांब डुगडुगत होता तर हिलाच खाली सारली. आज चाचा म्हणाले, "लिहितो का नाय रवी? नायतर दे इकडं, भजी गुंडाळायला कागद पायजेच हाये."

चाचा म्हणजे पीरमहंमद चाचा. आकाशपाळणा त्यांचा. मी दोन सीझन त्यांच्याबरोबर जत्रा फिरतोय. त्याआधी हार्वेस्टरवर होतो, त्याआधी एका मधाच्या पेट्यावाल्याबरोबर, त्याआधी रसवंतीवर. सध्या खर्ड्याजवळच्या एका वाडीवर आहोत. काल दुपारी किल्ला बघून येतो म्हणून गेलो तर बुरुजावर घोरपड दिसली. तिच्या मागं मागं सगळी दुपार गेली. आल्यावर चाचांनी शिव्या घातल्या.

आता मुद्द्याचं. माझी थोरली बहीण मोनिका, तिला कोल्हारच्या बाजूला एका वस्तीवर दिलेली. मागच्या दिवाळीनंतर ती राजीला घेऊन संगमनेरला आमच्याकडं निघून आली. राजी म्हणजे राजनंदिनी, माझी भाची, आठवीत. दाजींनी कोर्टात घटस्फोट टाकला. त्याला ताईची ना नाही. भांडण आहे ते राजीचं. दाजींना ती पाहिजे, ताईला ती पाहिजे. दाजी तसा वाईट माणूस नाही. कारखान्यात रात्रपाळी करतो, बोलत नाही. ताईचं दुखणं वेगळंच आहे. दाजींची बहीण चांगुणा नवऱ्याचं घर सोडून कधीची माहेरीच राहते. ताई म्हणते, "घर तिचं, गोठा तिचा, पोरगीसुद्धा तिचीच. मी तिथं कोण होते? पाहुणी?"

आज फोन आला की सुट्टी लागायच्या आधी जज मॅडम राजीला बोलावणार आहेत. पोरगी कोणाकडं राहायचं म्हणते ते तिलाच विचारणार. ताई फोनवर रडत होती. "रव्या, तू ये. ती तुझंच ऐकते."

१२ एप्रिल, रविवार. संगमनेर

काल वकील मॅडमकडं जाऊन आलो. त्यांनी नीट समजावून सांगितलं. राजी चौदा वर्षांची, समजती मुलगी आहे. जज तिला आत खोलीत एकटीला घेऊन बोलतील, आई नाही, बाप नाही, वकील नाही. ती बोलेल तोच निकाल असं नाही, पण एवढ्या मोठ्या मुलीच्या म्हणण्याला वजन असतं. "आणि एक ऐका," मॅडम म्हणाल्या, "पढवू नका. पढवलेलं पोर आत आल्या आल्या कळतं." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.

रिक्षात बसल्या बसल्या आईनं पढवायला सुरुवात केली.

"राजे, तुला इचारत्याल, कुनाकडं ऱ्हायाचं. तू म्हनायचं, आईकडं."

"बरं."

"का म्हनून इचारलं तर म्हनायचं, तितं आत्या तरास देती."

"पण आत्या नाही देत त्रास."

"ह्ये बघा! अगं, तिच्या पोटच्या पोरानं तिला वळखलं न्हाई, आन तू तिची वकिली करती व्हय?"

रिक्षावाला आरशातून बघायला लागला म्हणून मी आईचा हात दाबला. ती गोष्ट आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. चांगुणा सासर सोडून आली तेव्हा मुलगा तिकडच्यांनी ठेवून घेतला. मोठा झाल्यावर कोर्टात त्याला विचारलं, आईकडं जायचं का, तर तो म्हणाला, ही बाई कोण आहे मला माहीत नाही. आईला ही गोष्ट फार आवडते. ती सांगताना तिचा आवाज चढतो.

राजी बाहेर बघत बसली. मग हळूच मला म्हणाली, "मामा, जज आत्याला पण विचारणार का?"

"तिला कशाला? ती काय पार्टी आहे का केसमधली?"

"नाही, असंच."

संध्याकाळी नदीवर गेलो. प्रवरेला पाणी नाही. पुलाखाली पोरं क्रिकेट खेळत होती, दोन ओव्हर टाकल्या. खांदा दुखतोय.

१९ एप्रिल, रविवार

आज लिहायला भरपूर आहे आणि मन पण खुश आहे.

पाळणा आता संगमनेरपासून जवळच्याच गावात लागलाय, जत्रा मोठी. राजीचे पेपर चालू आहेत पण आज सुट्टी, म्हणून ताईला म्हटलं, पाठव तिला माझ्याबरोबर. माझ्या डोक्यात वेगळंच होतं. आई पढवते ते घरात बसून, मास्तरीणबाईसारखं. त्यानं पोरगी मिटते. तिला मोकळ्यावर घेऊन जायचं, हसवायचं, मग तयारी करून घ्यायची.

उन्हं कलली तशी तिला घेऊन डब्यात बसलो. चाचांना आधीच सांगून ठेवलं होतं, आमचा डबा वर गेला की थांबवा. थांबवला. खाली रेवड्यांची दुकानं, नारळाचे ढीग, पलीकडं बैलगाड्यांच्या शर्यतीची धूळ. राजी म्हणाली, "आई गं, केवढं दिसतंय!" मी गळ्यातला टॉवेल वकिलाच्या पट्ट्यासारखा केला आणि म्हटलं, "बोला, राजनंदिनी राधाकृष्ण. मी जज. तुम्हाला कोणाकडं राहायचंय?"

ती हसली. "जज साहेब, तुमच्या मिशीला गुलाल लागलाय."

"कोर्टाचा अपमान! उत्तर द्या."

"आईकडं."

"का?"

तिनं डब्याच्या दांडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आई एकटी आहे म्हणून. बाबांना कारखाना आहे. आईला कोणी नाही."

मी म्हटलं, छान आहे पण चालणार नाही. वकील मॅडम म्हणाल्यात, आईची कीव येते म्हणून राहते असं वाटलं तर जज म्हणतील की पोरगी आईला सांभाळतेय, आई पोरीला नाही. तिकडं काय त्रास होता ते पाहिजे.

"मामा, दोघं सोडून तिसऱ्याचं नाव घेतलं तर चालतं का?"

"हा काय पेपर आहे का, खालीलपैकी एक निवडा?"

"तसंच तर आहे," ती म्हणाली.

मग मी विचारलं, तिथं तुला कधी भीती वाटली का? कधी रडली का? ती विचार करून म्हणाली, लहान असताना, पहाटे. आणि मग बराच वेळ सांगत बसली. चाचा खालून ओरडायला लागले, लोक ओरडायला लागले, पण मी हातानं थांबा म्हणत राहिलो.

गोष्ट अशी. त्यांच्या वस्तीला तिन्ही बाजूंनी ऊस. आत्या अंधारात उठून धार काढायला गोठ्यात जायची. ताई झोपलेली असायची. राजी आत्याची चाहूल लागली की उठून तिच्यामागं पळायची, तसल्या अंधारात, अनवाणी. त्या साली बिबट्याची मादी पिलं घेऊन उसात होती, शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं दारातून उचलून नेलेलं. म्हणून आत्या जाताना घराला बाहेरून कडी लावायची. राजी दाराला लागून बसायची आणि रडायची. मग आत्या गोठ्यातून बादली वाजवायची. "म्हणजे मला कळायचं, ती आहे. मी आतून थाळी वाजवायची. मग ती बादली. मग मी थाळी. धार होईपर्यंत."

सांगताना तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता हिला खाली उतरवू नये.

उतरल्यावर मी तिला पाळण्याचा माईक दिला. आत लाजली तर काय उपयोग, चार लोकांत बोलायची सवय पाहिजे. आणि काय सांगू! आधी नको नको म्हणाली, मग जी सुटली! "चला मावशी, चला काका, वरून तुमचं घर दिसतंय का बघा! म्हातारीला पण बसवा, उतरताना तरणी होऊन उतरंल!" लोक हसून हसून लाईन लावायला लागले. चाचा म्हणाले, "हिला माझ्याकडं ठेव, तू जा कोर्टात." गर्दीत कोल्हारकडची दोघं-तिघं ओळखीची दिसली, मोबाईल वर धरून शूटिंग करत होते. मी पण त्यांना हात केला.

२० एप्रिल, सोमवार

रात्रभर डोक्यात एक गोष्ट घोळत होती, सकाळी सापडली. राजीला खोटं बोलायचं नाही ना? मग बोलू नये. "आत्या घराला बाहेरून कडी लावून जायची आणि मी आत रडायचे." ह्यात काय खोटं आहे? काहीच नाही. फक्त बिबट्याचं नाव घ्यायचं नाही.

ताईला फोन करून सांगितलं. आधी तिनं दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मला पण कोंडायचीच की ती. मी पण आतच असायचे. बिबट्या म्हणजे निमित्त होतं रव्या. बिबट्या काय रोज येतो?" ताईच्या आवाजावरून वाटलं, ती हे पहिल्यांदाच कोणाला तरी सांगतेय.

संध्याकाळी घरी जाऊन राजीला सांगितलं तर तिनं पहिल्यांदाच माझ्यावर डोळे वटारले. "नाही म्हणणार मी असलं."

"अगं पण खरंच आहे ना ते?"

"नाही म्हणणार."

वय असतं एकेक. जाऊ दे.

२७ एप्रिल, सोमवार

लिहायला हात होत नाही.

आज तारीख होती. समोरच्या वकिलानं एक व्हिडिओ दाखवला. राजी माईक घेऊन ओरडतेय, मागं पाळणा फिरतोय, एक दारू प्यालेला माणूस तिच्यासमोर नाचतोय. तो मला त्या दिवशी दिसला पण नव्हता. वकील म्हणाला, परीक्षा चालू असताना मुलीला जत्रेत कामाला जुंपलंय, आईचं लक्ष नाही, मामा हे असे. व्हिडिओत मी पण आहे. हात करतोय.

बाहेर आल्यावर वकील मॅडम माझ्याशी बोलल्याच नाहीत. ताईला म्हणाल्या, "आता सगळं मुलीवर आहे." आई पायरीवर बसून स्वतःच्या कपाळावर मारून घेत होती. दाजी लांब झाडाखाली उभे होते. ते जिंकल्यासारखे दिसत नव्हते, पण ते कधीच कशासारखे दिसत नाहीत.

घरी राजीला कळू द्यायचं नव्हतं, पण आईच्या तोंडाला कुलूप कोण लावणार.

राजी माझ्याजवळ येऊन बसली. "मामा, माझ्यामुळं आई हरणार का?"

"तुझ्यामुळं नाही गं, माझ्यामुळं."

"पण मीच बोलले ना माईकवर. मला मजा आली म्हणून जास्तच बोलले."

मी तिची समजूत काढली. म्हटलं, असं काही नाही, अजून तू आत जाऊन बोलायची आहेस. आता तूच काय ते सावरशील, बाकी कोणाच्या हातात काही राहिलं नाही. तिनं मान हलवली. मला वाटतं तिला थोडा धीर आला असावा.

२९ एप्रिल, बुधवार

राजीला आत घेतलं. ताईनं तिला वेणी घालून दिली होती, तिनं ती बाहेर बाकड्यावर सोडून परत स्वतः घातली. आत बराच वेळ होती. आम्ही ह्या बाकड्यावर, दाजी त्या बाकड्यावर. मधल्या जागेत एक मांजर पसरलं होतं. त्याच्याकडं दोन्हीकडचे लोक बघत होते.

बाहेर आली ती सरळ नळावर गेली आणि पाणी प्याली. येताना दाजींच्या समोरून आली पण बघितलं नाही. दाजी अर्धवट उठले आणि परत बसले.

संध्याकाळी मी गच्चीवर सिमेंटच्या टाकीत पाणी किती आहे बघायला गेलो तर तिथं राजी बसलेली. मी विचारलं नाही, तीच बोलली.

"मी सांगितलं, कडीचं."

"शाब्बास!" मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

"जज मॅडम चांगल्या आहेत. त्यांनी मला बिस्किट दिलं. म्हणाल्या, का लावायची गं ती कडी?"

"मग?"

"मी म्हणाले, माहीत नाही."

मग तिनं विचारलं, "आत ते सगळं लिहून घेतात का, मामा?" मी म्हटलं, घेत असतील, कोर्ट आहे. ती म्हणाली, "म्हणजे ते कायमचं राहणार."

वर वारा छान सुटला होता. टाकी निम्मी आहे.

३० एप्रिल, गुरुवार

जिंकलो! राजी ताईकडं. दाजींना एकाआड एक रविवारी भेट. निकालात लिहिलंय की आईनं असला प्रकार परत होऊ देऊ नये, हे जत्रेबद्दल. पण मुलगी समजूतदार आहे, तिनं स्वतः शांतपणे सांगितलंय, वडील रात्रपाळीला असतात आणि त्या घरात तिला बाहेरून कडी लावून ठेवलं जायचं, असं सगळं. वकील मॅडमनी ताईला मिठी मारली. मला पण म्हणाल्या, "सुटलास."

येताना जिलेबी आणली. गल्लीत वाटली. आई सगळ्यांना सांगत होती, "माझी नात वाघीन हाय." आमच्यात मामानं भाचीच्या पाया पडायची रीत आहे. मी सगळ्यांसमोर वाकलो, म्हटलं, हिनं आज घर राखलं. तर तिनं पाय मागं घेतले. मी परत पुढं झालो तर ती चक्क भिंतीला लागली. सगळे हसले. मी पण हसलो.

जिलेबी खाल्ली नाही. म्हणाली, पोटात दुखतंय. उन्हाचं होतं असं.

१० मे, रविवार

मध्ये तीन जत्रा झाल्या. लिहिण्यासारखं काही नाही. एका गावात पाळण्याचा पट्टा तुटला, कोणाला लागलं नाही. एक बांगडीवाली मुलगी होती, तिच्याबद्दल लिहिणार होतो पण ती दुसऱ्या दिवशी निघून गेली.

आज भेटीचा पहिला रविवार. मी मुद्दाम आलो होतो. ताई राजीला घेऊन स्टँडवर जाणार होती, दाजी तिथं येणार होते. राजी उठलीच नाही. पांघरूण डोक्यावरून घेतलं, ह्या असल्या उन्हाळ्यात. ताईनं खरोखर समजावलं. "जा गं, बाबा लांबून आलेत, तास-दोन तास बस आणि ये." नाही म्हणजे नाही. आई खुश. "बगा, बापाचं तोंडसुदीक बघाया नगं तिला. किती छळलं आसंल!"

ताई मात्र खुश नव्हती. भाकरी थापताना मध्येच थांबली आणि मला म्हणाली, "रव्या, ती माझ्याकडं पण बघत नाही रे."

१८ मे, सोमवार

अधिक महिना लागला, जत्रा बंद. चाचांनी पाळणा सोडून भंगारवाल्याच्या पत्र्याखाली ठेवलाय. ते नगरला घरी गेले, मी इथं. सुट्टीत गल्लीतली पोरं दिवसभर बोंबलतात. राजी त्यांच्यात जात नाही. आईचं भांडं पडलं तरी दचकते. काल आईनं थाळी आपटली तर उठून मोरीत जाऊन बसली. बारीक झालीय. डॉक्टरनं टॉनिक दिलंय.

आज ताई दुकानात गेली होती. आई शेजारी वाण द्यायला. मी सायकलच्या पंक्चरला निघालो तर राजी म्हणाली, "मामा, जाताना बाहेरून कडी लाव."

मी म्हटलं, "संगमनेरात कुठला आलाय बिबट्या?"

ती हसली नाही. मी कडी लावली नाही, नुसतं दार ओढलं. पण रस्त्यात पंक्चरवाल्याकडं बसलो असताना चैन पडेना. त्यानं विचारलं, काय झालं, मी म्हटलं, काही नाही, ट्यूब बदल. परत आलो तर ती दाराला पाठ लावून बसली होती. आतून.

आता रात्री हे लिहिताना मला वाटतंय की मी तिला काहीतरी विचारायला पाहिजे. पण काय विचारायचं ते कळत नाही. निकाल आपल्या बाजूनं लागलाय ना.

२४ मे, रविवार

दुसरा रविवार. आजही गेली नाही. ताई म्हणाली, "तू तरी जाऊन सांग त्यांना. मागच्या वेळी दुपारपर्यंत उभे होते म्हणे."

स्टँडबाहेरच्या हॉटेलात दाजी बसले होते. समोर दोन चहा मागवलेले, एकावर बशी झाकलेली. मला बघून ती बशी त्यांनी काढली आणि कप माझ्याकडं सरकवला.

"न्हाई आली?"

"पोटात दुखतंय तिच्या."

"हं."

मला त्या माणसाजवळ नेहमी झोप येते, आज नाही आली.

मग म्हणाले, "रविराज, तिनं खरंच सांगितलं का रं ते? का कुनी लिवलं?"

मी कपातला चहा बशीत ओतला. म्हटलं, "सांगितलं."

"चांगुणाला निकालाचा कागद वाचून दाखवला. म्हनली, परत वाच. तेवढीच वळ परत वाचाया लावली. मग उठली आन गोठ्यात गेली. तवापासून त्या इषयावर एक शबुद न्हाई." त्यांनी टेबलावरची माशी हाकलली. "तिच्या पोरानं तसं केलं हुतं ना, कोर्टात. ती परत त्याच्याकडं कदी गेलीच न्हाई. मी लई येळा म्हनलं, चल, मी नेतो. म्हनायची, नगं, मला बघून पोराला लाज वाटंल. आता त्याचं लगीन झालं. आमाला पत्रिका पन न्हाई."

मी म्हटलं, "दाजी, बिबट्याचं तिनं सांगितलं नाही. ते सांगू नको असं मीच म्हटलं होतं."

हे मी कसं बोललो मला माहीत नाही. वाटलं, आता हे उठतील आणि माझ्या थोबाडीत मारतील. बरं झालं असतं. दाजी माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "तू तिचा मामा हायेस ना रं." एवढंच. मग बस लागली तशी उठले. खिडकीतून म्हणाले, "जेवती का ती?"

मी खोटं बोललो नाही. नाही म्हटलं.

३१ मे, रविवार

फैयाजचा फोन आलाय, चाचांचा पुतण्या. बोअरवेलच्या गाडीवर जागा आहे, उद्या कर्नाटकात निघतेय. हो म्हटलं. पिशवी भरून ठेवली. घरात जीव लागत नाही, घरातल्यांचं माझ्यावाचून अडत पण नाही. ताईला सांगितलं तर म्हणाली, "जा. तुझं बरं आहे, तुला जाता येतं."

काल मी वकील मॅडमना फोन करून विचारलं होतं, एखाद्या मुलीनं सांगितलेलं तिला बदलायचं असेल तर? त्या म्हणाल्या, परत अर्ज करता येतो, पुढं मुलगी मोठी होते, परिस्थिती बदलते, कोर्ट परत विचारू शकतं. मग त्यांचा आवाज बदलला. "का रे? ती काही म्हणते का?" मी म्हटलं, नाही. म्हणत तर काहीच नाही. राजीला हे सांगावं की नाही कळेना. सांगितलं तर परत तेच, तू सावर. तिला अजून किती सावरायला लावायचं?

ताईशी बोललो. माझा अंदाज होता ती चिडेल. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. म्हणाली, "मी पण तिथं आतच होते रे. बादली वाजायची ते मला पण ऐकू यायचं. मी झोपल्याचं सोंग करायचे. पोरगी थाळी वाजवायची, आणि मला वाटायचं, ह्या दोघींच्या मध्ये मी कुठं आहे?" मग म्हणाली, "मला ती हवी होती. एवढंच. बाकी मी काही बघितलं नाही."

हे सगळं सकाळचं. आता दुपार आहे. राजी मागं मोरीत कपडे धुतेय. आज कामाचा दिवस नाही तरी सगळ्यांचे कपडे काढून बसलीय, माझे पिशवीत भरलेले पण परत बाहेर काढले. नळ धो धो चालू आहे. मी पुढच्या खोलीत हे

थांबा, दार वाजलं.

चांगुणा आलीय.

एकटी. कोल्हारहून एसटीनं. तिला ह्या घराचा पत्ता कोणी सांगितला माहीत नाही, ह्या घरात तिनं कधी पाय ठेवलेला नाही. पायरीच्या खाली, उन्हात उभी आहे. पदर डोक्यावर, हातात काही नाही. आई दार उघडायला गेली होती. मला वाटलं, आता गल्ली गोळा होणार. पण आईनं दाराची चौकट धरली. शेवटी म्हणाली, "पानी?"

"पानी नगं, मुक्ताबाई," चांगुणा म्हणाली. "मी भांडाया न्हाई आले. पोरगी कुठंय तेवढं सांगा. तिला बाहेर बोलवू नगा. मीच जाते तिच्याकडं, तुमी येऊ दिलं तर."

ताई आतल्या दारात उभी आहे. माझ्याकडं बघतेय. मी तिच्याकडं. मग ताईनं दारातून बाजूला होऊन मागच्या बाजूला बोट केलं.

चांगुणानं चपला पायरीखाली काढल्या. ती आत येतेय.

राजीला अजून माहीत नाही.

नळ बंद झाला.